१९६८ कमॅरो, ३५० इंजिन: लाँग-ट्यूब हेडर बसवल्यावर क्लचचा झेड-बार ७ नंबरच्या पाइपला घासतोय

जर्सीकर_६८

नमस्कार मंडळी. गाडी १९६८ ची कमॅरो, ३५० स्मॉल ब्लॉक, चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स, डायफ्रॅम क्लच. क्लच कंपनीच्याच पद्धतीचा, म्हणजे पेडल, फायरवॉलमधून येणारा वरचा रॉड, झेड-बार (इंजिन आणि चॅसी यांच्यामध्ये आडवी बसून पेडलची हालचाल पुढे पोचवणारी दोन दांड्यांची नळी), खालचा अॅडजस्टेबल रॉड आणि फोर्क (क्लच सोडवणारा काटा). जुने ओतीव मॅनिफोल्ड काढून १ ५/८ इंच पाइपचे लाँग-ट्यूब हेडर (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र लांब एक्झॉस्ट पाइप) बसवले. उजवी बाजू विनातक्रार बसली. डाव्या बाजूला दोन अडचणी आहेत.

पहिली, पेडल मोकळं असताना झेड-बारची आडवी नळी आणि ५ नंबरच्या सिलिंडरचा पाइप यांत जेमतेम ३ मिमी फट उरते. दुसरी, पेडल तळापर्यंत दाबलं की बारचा खालचा दांडा मागे येतो आणि ७ नंबरच्या पाइपच्या वळणाला टेकतो. क्लच सुटतो, गिअर पडतात, पण शेवटच्या इंचात पायाला 'टक्' जाणवतं.

हेडरच्या खोक्यावर 'मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक दोन्हींसाठी' लिहिलेलं आहे. आता पाइप ठोकून खोलगट करू, की बार कापून वेल्ड करू, की सगळं काढून हायड्रॉलिक टाकू? हेडरवर अजून कोटिंग केलेलं नाही, फक्त रंग आहे.

पानेवाला_काका

कोटिंग केलं नाही हे उत्तम झालं, हात मोकळे आहेत. पण हातोडा इतक्यात उचलू नका. खोक्यावरचं वाक्य कारखान्यातून नवी निघालेली, माउंट ताठ असलेली गाडी धरून लिहिलेलं असतं. पंचावन्न-साठ वर्षांच्या गाडीत इंजिन जागेवर आहे का, बार सरळ आहे का आणि पेडल किती फिरतंय, हे तीन प्रश्न आधी.

झेड-बारचं एक टोक इंजिनाच्या ब्लॉकवर आणि दुसरं चॅसीच्या सबफ्रेमवर असतं. इंजिन हलतं, सबफ्रेम हलत नाही. म्हणून दोन्ही टोकांना बॉल दिलेले आहेत. आणि म्हणूनच फट गाडी उभी असताना मोजून भागत नाही. पुढून पाहिलं तर क्रँक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, ब्लॉक उलट दिशेला लोटला जातो आणि जोर दिला की इंजिनाची डावी, म्हणजे ड्रायव्हरची बाजू वर उचलली जाते. झेड-बार नेमका त्याच बाजूला. हेडर इंजिनाबरोबर पूर्ण उचलला जातो, बारचं फक्त आतलं टोक उचललं जातं. उभ्या गाडीत दिसणारी ३ मिमी फट पहिल्या गिअरमध्ये जोर देताना उरेलच असं नाही.

त्या काळची शेवरलेटची रबरी माउंट तर बदनामच होती. रबर पत्र्यापासून सुटायचं, डावी बाजू उचलली की अॅक्सिलरेटरचं लिंकेज ओढलं जाऊन थ्रॉटल उघडा राहायचा. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सने यासाठी सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या, त्यात १९६७ ते ६९ च्या कमॅरोही होत्या. उपाय म्हणून इंजिनाला आवर घालणारी पोलादी केबल बसवून दिली. तुमच्या गाडीत ती केबल असेल किंवा नसेल, डावं माउंट मात्र तपासाच. बॉनेट उघडून डाव्या बाजूला लाकडी ठोकळ्यावर पहार टेकवा आणि वर उचलून बघा. रबर आणि पत्रा यांत चीर दिसली किंवा इंजिन सहज वर आलं, तर एकमेकांत अडकणाऱ्या पत्र्यांचं माउंट घ्या. त्यात रबर फाटलं तरी इंजिन सुटत नाही. दोन्ही बाजूंची माउंट एकदमच बदला. आणि माउंट व त्याखालचा सबफ्रेमवरचा स्टँड यांची जोडी जुळते का बघा. वेगवेगळ्या वर्षांचे भाग मिसळले की इंजिन खाली किंवा तिरकं बसतं. मग हेडर स्टिअरिंग बॉक्सलाही लागतो, बारलाही, आणि लोक शिव्या हेडरवाल्याला घालतात.

दुसरं, बार समपातळीत आहे का. बारवर छोटी स्पिरिट लेव्हल ठेवा, गाडी सपाट जमिनीवर. पुढून आणि वरून दोन्हीकडून पाहा. ब्लॉककडचा बॉल आणि सबफ्रेमच्या ब्रॅकेटवरचा बॉल समोरासमोर हवेत. ब्रॅकेटच्या भोकांत थोडी ढिलाई असते. बोल्ट सैल करून ब्रॅकेट सरकवलं की बारचं बाहेरचं टोक थोडं हलतं. ५ नंबरच्या पाइपपासून एक-दोन मिमी तिथेच मिळू शकतात, फुकटात. ब्लॉककडचा स्टड शेवटपर्यंत आवळलेला आहे ना? आट्यांत जुना रंग किंवा गंज असला की तो अर्ध्यावर थांबतो, बार बाहेर ढकलला जातो आणि हेडरच्या अंगावर येतो. टॅप ३/८-१६ चा (३/८ इंच व्यास, इंचाला १६ आटे), भोक साफ करा, निळा थ्रेडलॉकर, मग आवळा.

बार कमॅरोचाच आहे ना, हेही बघून घ्या. जुन्या बाजारात शेवेलचा बार 'चालतो' म्हणून गळ्यात मारतात. दिसायला भाऊच, पण लांबी आणि दांड्यांचे कोन वेगळे.

तिसरं, तुमचं 'टक्'. क्लच त्याआधीच सुटत असेल तर तो शेवटचा इंच कशासाठी दाबायचा? डायफ्रॅम प्लेट गरजेपेक्षा जास्त दाबणं तसंही वाईट. प्लेटच्या स्प्रिंगची बोटं मध्य ओलांडतात आणि जास्त आरपीएमला पेडल खालीच चिकटून बसतं. पेडलला खालचा थांबा लावा. कुठे लावायचा ते असं ठरवा: मागची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर, पुढच्या चाकांना लाकडं, इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. एकाने पेडल अगदी सावकाश दाबायचं, दुसऱ्याने प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवायचा. शाफ्ट मोकळा फिरायला लागला की पेडलची उंची खुणेने नोंदवा. त्यापुढे अर्धा ते पाऊण इंच जास्तीचा प्रवास द्या आणि तिथे थांबा. साधा ३/८ चा बोल्ट, चेकनट आणि डोक्यावर रबर, पेडलच्या दांड्यामागे फ्लोअरला. निम्म्या गाड्यांत हेडरचं भांडण इथेच मिटतं.

वरचा थांबाही बघा. पेडल वर जिथे टेकतं तिथलं रबर झिजून गेलं असेल तर पेडल जास्त वर येतं आणि मोकळ्या अवस्थेतला बारचा कोनच बदलतो. वरच्या रॉडची लांबी ठरलेली असते, त्यामुळे बारची जागा हे रबर ठरवतं. खालचा रॉड कितीही फिरवा, त्याने फक्त फोर्क हलतो.

गिअरवाली

काकांनी क्रम बरोबर सांगितला. त्यात फोर्कची भर घालते, कारण खालचा दांडा मागे किती जातो हे शेवटी फोर्क किती मागतो यावर ठरतं.

जनरल मोटर्सची रिलीज बेअरिंग (फोर्कच्या आतल्या टोकावरची, क्लचची बोटं दाबणारी) दोन लांबीची मिळतात, आखूड साधारण सव्वा इंच आणि लांब पावणेदोन इंचाच्या पुढे. वाकलेल्या बोटांच्या डायफ्रॅमला आखूड लागतं, सपाट बोटांच्या किंवा तीन दांड्यांच्या प्लेटला लांब. जोडी चुकली तर फोर्क चुकीच्या कोनात उभा राहतो. लांबऐवजी आखूड पडलं तर पेडल मोकळं असतानाच फोर्कचं बाहेरचं टोक मागे झुकलेलं असतं, खालचा रॉड पार शेवटच्या आट्यापर्यंत बाहेर काढावा लागतो आणि क्लच सुटेपर्यंत बारचा दांडा हेडरवर पोचतो. मोकळ्या अवस्थेत फोर्कचं बाहेरचं टोक काटकोनापेक्षा थोडं पुढे झुकलेलं हवं आणि दाबल्यावर तेवढंच मागे जायला हवं. खिडकीच्या कडेला कुठेच टेकू नये. बेलहाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या घराच्या) खिडकीतून बॅटरी मारली की हे दिसतं, गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. गिअरबॉक्स कधी उतरवलाच तर आतला पिव्होट बॉल अॅडजस्टेबल मिळतो, तो टाकून घ्या.

नंतर फ्री-प्ले लावा: पेडलवर साधारण एक इंच, बेअरिंग आणि बोटं यांत साधारण दीड मिमी. फ्री-प्ले जास्त ठेवला की पेडलचा सुरुवातीचा प्रवास वाया जातो आणि क्लच सुटण्याचा बिंदू खाली, म्हणजे नेमका तुमच्या 'टक्'च्या गावात जातो.

एवढं करूनही ५ नंबरपाशी फट कमी राहिली तर पाइपला खड्डा द्या, बारला हात लावू नका. मला तरी १० मिमीपेक्षा कमी फट नको वाटते, शक्यतो १२. किती खोल द्यायचा ते क्लेने मोजा. मुलांची मॉडेलिंगची माती मिळते ना, तिचा गोळा पाइपवर थापा, बार बसवा, पेडल वरपासून थांब्यापर्यंत चालवा, मग पहारीने इंजिनाची डावी बाजू उचलून धरा आणि परत पेडल चालवा. माती सुरीने कापली की सगळ्यात पातळ जागेची जाडी हीच खरी फट. खूण करून हेडर उतरवा. गाडीत असताना ठोकू नका, फ्लँज वाकते आणि पुढे गॅस्केट गळत राहतात.

१ ५/८ इंच म्हणजे बाहेरून ४१ मिमी, १८ गेजचा पत्रा साधारण सव्वा मिमी, आतून ३९ च्या आसपास. त्याला ६ मिमी सपाट चापट दिली तर छेद सुमारे १० टक्के कमी होतो, १० मिमी दिली तर २० टक्के. रस्त्यावरच्या गाडीला एका पाइपमधले १० टक्के कळणारही नाहीत. २० टक्क्यांना मी नको म्हणेन. त्यापेक्षा जास्त जागा लागत असेल तर पाइपचा तेवढा तुकडा कापून दुसरं वळण वेल्ड करणं बरं.

ठोकायची पद्धत: गॅसने तेवढाच भाग लाल तापवा, दीड इंची गोल सळई आडवी धरा आणि सळईवर हातोडा मारा. थेट पाइपवर बॉलपीन मारला की टोकदार खळगा पडतो आणि तिथेच चीर सुटते. खड्डा ५०-६० मिमी लांबीत उतरता हवा. ठोकल्यावर पाइप आडवा फुगतो, तो स्पार्क प्लगच्या बाजूला फुगणार नाही याकडे लक्ष. वेल्डच्या शिवणीपासून बोटभर लांब राहा. झालं की सरळपट्टी लावून फ्लँज तपासा आणि मगच कोटिंगला पाठवा.

हायड्रो_सत्या

२०२० च्या दशकात कोण हे दांडे सांभाळतं? पेडलमागे मास्टर सिलिंडर, बेलहाउसिंगमध्ये हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग, मध्ये एक होज. झेड-बार, बॉल, बुश, फोर्क, सगळं भंगारात. हेडरला मोकळं मैदान. पाऊण इंच बोअरचा मास्टर बहुतेक किटमध्ये येतो. पेडलवर रॉड योग्य उंचीला जोडला, साधारण सहास एक गुणोत्तर, की पेडल लोण्यासारखं चालतं.

गिअरवाली

सत्या, पूर्ण सांग की. त्या गाडीची फायरवॉल साध्या पत्र्याची, जड क्लच दाबला की मास्टरखालचा पत्रा आत-बाहेर श्वास घेतो आणि निम्मा प्रवास त्यातच जातो. आतून किमान ३ मिमीची प्लेट लावून ती पेडलच्या ब्रॅकेटला बांधल्याशिवाय ते नीट चालत नाही. आतलं हायड्रॉलिक बेअरिंग बसवताना बोटांपासूनची फट शिमने जमवावी लागते, बहुतेक उत्पादक चार-पाच मिमीच्या आसपास देतात. ती न मोजता बसवलं की एक तर बेअरिंग सतत बोटांवर घासतं, नाहीतर सील पिस्टनबाहेर येतं. गळायला लागलं तर गिअरबॉक्स खाली. आणि होज जातो कुठून? त्याच हेडरशेजारून. डॉट ३ या क्लच-ब्रेकच्या द्रवाचा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश, डॉट ४ चा २३०, आणि द्रव ओलावा पितो तसा तो खाली येतो. होज पाइपला चिकटला की भर उन्हाळ्यात, सिग्नलला पेडल जमिनीवर. तिथे विणलेला होज आणि वरून उष्णतारोधक बाही, दोन्ही हवंच.

पाच-सहा गिअरचा नवा गिअरबॉक्स टाकायचा असेल तर हायड्रॉलिकचा विचार बरोबर. ३ मिमीच्या अडचणीसाठी नाही.

हायड्रो_सत्या

प्लेटचं मान्य. तरी बार कापून वेल्ड करण्यापेक्षा हायड्रॉलिक बरं, यावर मी ठाम.

पानेवाला_काका

बार कापण्यावर मीही शेवटी येतो, पण कधीकधी यावं लागतं, विशेषतः बिग ब्लॉक आणि पावणेदोन-दोन इंची पाइप असले की. तेव्हा दोन गोष्टी मोडू द्यायच्या नाहीत: दांड्याची परिणामी लांबी आणि वरच्या-खालच्या दांड्यांमधला कोन. लांबी म्हणजे नळीच्या मध्यापासून रॉडच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं सरळ अंतर, दांडा वळवला तरी तेच राहिलं पाहिजे. खालचा दांडा १० टक्के आखूड केला तर पेडल १० टक्के हलकं लागेल, पण फोर्कही १० टक्के कमी सरकेल आणि क्लच अर्धवट सुटेल. पहिला किंवा रिव्हर्स टाकताना खरखर आली की लोक सिंक्रोनायझरला दोष देतात. कापण्याआधी जाड पत्र्यावर बार ठेवून दोन्ही बॉलच्या आणि दोन्ही भोकांच्या जागी पिना ठोका, तोच तुमचा जिग. दांडा नळीवर डावी-उजवीकडे सरकवला तर रॉड तिरका चालतो. तिथे दांड्याच्या भोकातला साधा स्विव्हल काढून ३/८-२४ चे रॉड-एंड लावा, तिरकेपणा ते पचवतात आणि जागाही कमी खातात. रॉड-एंड दांड्याच्या एकाच बाजूला लटकता बोल्टवर लावू नका, दोन्ही बाजूंनी धरणारा क्लेव्हिस करा, नाहीतर बोल्ट वाकतो. वेल्डजवळ तिकोनी पट्टी टाका. नव्या नकली बारांचे दांडे जड क्लचखाली नुसत्या डोळ्यांना दिसेल इतके पिळतात.

लेथ_भोसरी

आमच्याकडच्या वाचकांसाठी एक सूचना. ३/८ इंच म्हणजे ९.५२ मिमी. एम-१० चा रॉड-एंड 'जवळपास बसतो' म्हणून त्या भोकात ढकलू नका, आटे तर मुळीच जुळत नाहीत. बदलायचंच असेल तर रॉड, चेकनट, रॉड-एंड, सगळा संच एम-१० चा करा. बारला जोडणारं भोक मात्र नीट रीम करून.

आणि बुश. बारच्या टोकांत नायलॉनच्या वाट्या असतात, वर तारेची क्लिप आणि फेल्टचा सील. नायलॉन साधारण २६० अंशांना वितळतो, पण मऊ त्याच्या कितीतरी आधी पडतो. हेडरशेजारी १० मिमीवर तो चेपतो, बॉल तिरका बसतो, बार खाली लोंबतो आणि मग जो पाइप लागत नव्हता तोही लागतो. पितळी किंवा ब्राँझच्या वाट्या तयार मिळतात. लेथवर काढायच्या असतील तर बारची नळी आणि बॉल दोन्ही आधी मायक्रोमीटरने मोजा. जुनी नळी अंडाकार झालेली असते, तिला एका मापात बोअर करा, वाटी प्रेसफिट. बॉलला ०.१ मिमी ढिलाई पुष्कळ. मधोमध ग्रीस निपल. ग्रीस उच्च तापमानाचं, साधं चॅसी ग्रीस पातळ होऊन हेडरवर टपकतं आणि गाडीत जळकट वास येतो, मग मालक ऑइल-लीक शोधत बसतो.

तीन_फाटे

कमॅरो सोडून विचारतो. १९६६ ची मस्टँग, २८९. ट्राय-वाय हेडर (चार पाइप आधी दोन-दोन जोडून मग एकत्र होणारे) घेतले तर हाच ताप होतो का?

पानेवाला_काका

थोडा कमी. ट्राय-वाय हेडर १९६५-६६ च्या शेल्बी जीटी ३५० वर होतेच, म्हणजे फोर्डच्या इक्वलायझर बारसोबत (त्यांचा झेड-बार) ते नांदतात. फोर्डमध्ये डावी बाजू ५ ते ८ नंबरची. लाँग-ट्यूब घेतले तर बारपेक्षा पॉवर स्टिअरिंगचा रॅम (हायड्रॉलिक सिलिंडर) जास्त आडवा येतो, त्यासाठी तो खाली घेणारं ब्रॅकेट लागतं आणि ग्राउंड क्लिअरन्स जातो. बेलहाउसिंग पाच बोल्टचं की सहा बोल्टचं ते भाग मागवण्याआधी मोजा, ऑगस्ट १९६४ च्या सुमारास ते बदललं आणि लिंकेजचे भाग बघताना गोंधळ होतो. तीन दांड्यांची प्लेट काढून डायफ्रॅम टाकली असेल तर डॅशबोर्डखालची जाड मदतनीस स्प्रिंग काढा किंवा हलकी लावा. ती जड प्लेटसाठी दिलेली आहे. डायफ्रॅमवर ती पेडल खालीच धरून ठेवते, आणि लोक हेडरला बार अडकला समजून हेडर उतरवतात.

जर्सीकर_६८

सगळ्यांचे आभार. मोजमापं घेतली. डावं माउंट फाटलेलं निघालं, पहारीने इंजिन १५ मिमी वर येतं. पेडलच्या वरच्या थांब्याचं रबर नाहीच. फोर्क बरोबर आहे, किंचित पुढे झुकलेला. शाफ्ट मोकळा फिरतो तेव्हा पेडल तळापासून पावणेदोन इंच वर असतं, म्हणजे थांब्याला भरपूर जागा. क्लेवर ५ नंबरपाशी सगळ्यात पातळ जागा २ मिमी, तीही जुन्या माउंटसह.

दोन प्रश्न. हेडर परत चढवताना बार आधी की हेडर आधी? आणि हेडरला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली तर बुश वाचतील का?

गिअरवाली

पट्टी नको. साध्या पोलादाच्या हेडरला पट्टी गुंडाळली की ओलावा आत राहतो. जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ, पाइप आतून-बाहेरून कुजतो. सिरॅमिक कोटिंग करा आणि बार व ५ नंबर यांच्यामध्ये १ मिमी स्टेनलेसची छोटी ढाल बेलहाउसिंगच्या बोल्टवर धरा, दोन्ही बाजूंना हवा खेळेल अशी. ढालीसाठी जागा नसेल तर ब्राँझ वाट्या आणि कोटिंग एवढं पुरे. फोर्कच्या खिडकीवरचं रबरी बूटही कलेक्टरच्या (चारही पाइप जिथे एकत्र होतात त्या भागाच्या) जवळ येतं का बघा. ते वितळलं की क्लचमध्ये रस्त्याची सगळी धूळ.

नवीन माउंट आणि वरचा रबर थांबा लावून क्ले परत थापा, मगच खड्ड्याची खोली ठरवा. २ मिमीचे ५-६ आपोआप होण्याची शक्यता आहे. मग ठोकायचे जेमतेम ५-६ मिमी उरतात.

पानेवाला_काका

क्रम सांगतो. बॅटरीची निगेटिव्ह सोडा. डावे चारही प्लग, ऑइल फिल्टर आणि डिपस्टिकची नळी काढा. १९८० च्या आधीच्या स्मॉल ब्लॉकला ती डावीकडेच असते आणि बऱ्याच हेडरमध्ये दोन पाइपांमधून ओवावी लागते, विसरलात तर शेवटी सगळं परत उतरवाल. ब्लॉककडचा बॉल स्टड हेडरच्या आधी आवळा. नंतर तिथे पाना फिरत नाही.

गाडी स्टँडवर, चाकं जमिनीपासून निदान दीड फूट. माउंट बदलायचंच आहे तर तो बोल्ट निघालेलाच असेल, त्याच वेळी ऑइल पॅनखाली जाड लाकूड ठेवून जॅकने इंजिन इंच-दीड इंच उचला. उचलताना एक डोळा मागे ठेवा, डिस्ट्रिब्युटर ब्लॉकच्या मागच्या टोकाला असतो आणि त्याची टोपी फायरवॉलवर फुटते. दुसरा डोळा पंख्याच्या आवरणावर. हेडर खालून वर घ्या, फ्लँज जागेवर आणून वरून तारेने लटकवा, बोल्ट लावू नका. आता बार आत घ्या, आधी ब्लॉकच्या बॉलवर, मग सबफ्रेमचं ब्रॅकेट बाहेरून बारच्या टोकात आणि ब्रॅकेटचे बोल्ट हाताने. त्यानंतर इंजिन खाली उतरवा, माउंटचा बोल्ट, आणि मग हेडरचे सहा बोल्ट. ३/८-१६ चे, पाऊण ते एक इंच लांब, मधून बाहेर आवळत जा, २० ते २५ फूट-पाउंड. ब्रॅकेट सगळ्यात शेवटी, बार समपातळीत आणून. रॉड जोडा, स्प्लिट पिना नव्या घाला, फोर्कची रिटर्न स्प्रिंग, मग फ्री-प्ले.

इंजिन चालू करून पूर्ण गरम होऊ द्या, थंड होऊ द्या, हेडर बोल्ट परत आवळा. पहिल्या दोन-तीन वेळा ते ढिले होतातच. फ्री-प्लेही परत बघा.

प्लगच्या वायरी परत लावताना ५ आणि ७ च्या वायरी बारपासून दूर न्यायच्या म्हणून एकत्र बांधू नका. शेवरलेटचा फायरिंग क्रम १-८-४-३-६-५-७-२ आहे, ५ नंतर लगेच ७. दोन वायरी लांबवर समांतर गेल्या की ७ नंबर वेळेआधी पेटू शकतो. मध्ये एक सेपरेटर टाका.

जर्सीकर_६८

समजलं. माउंट आणि ब्राँझ वाट्या मागवतो. खड्डा देऊन झाला की क्लेची नवी मापं इथे टाकतो.

लेथ_भोसरी

वाट्या आल्या की बार गाडीत चढवण्याआधी दोन्ही बॉलवर हातात फिरवून बघा. कुठे अडत असेल तर वाटी घासू नका, बॉलवर गंजाचा खड्डा आहे का ते नखाने तपासा. असेल तर बॉल स्टडच नवा घ्या, हेडर चढल्यावर तो बदलता येणार नाही.